हाडं वाचायला शिकताना

गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे १९८४ साली धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांजवळ काही नाजूक हाडं मिळाली. मोहबे तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करत होते. अंडी डायनासोरची, म्हणजे शेजारची हाडं अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची, असा अर्थ त्या वेळी लावला गेला, आणि तो अगदी सहज सुचणारा होता. २००१ साली जेफ्री विल्सन या अमेरिकी अभ्यासकाने हाच नमुना पाहिला आणि त्यांची नजर काही मणक्यांवर अडकली. त्या मणक्यांना पुढच्या बाजूला पाचर होती आणि मागच्या बाजूला तशीच पाचर बसेल अशी खोबण. नेहमीच्या सांध्यांखेरीज असा जादा सांधा सापाच्या मणक्यांत असतो. पिल्लू तिथे होतंच, पण फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून सुमारे साडेतीन मीटर लांबीचा एक सापही होता. २०१० साली त्याचं ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव जाहीर झालं. कवटीवरून हेही कळलं की आजच्या अजगरासारखा मोठा आ वासणं त्याला जमत नव्हतं. म्हणजे तो सबंध अंडी गिळत नसावा, पिल्लांवर टपून बसत असावा.

दगड तोच होता, हाडंही तीच होती. सापाचा मणका ज्याच्या डोळ्यांत बसलेला होता त्याला तो दिसला. नामशेष प्राण्यांची शरीररचना शिकायची म्हणजे जिवंत प्राण्यांची हाडं आधी डोळ्यांत आणि बोटांत बसवायची, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडची हुशार मुलं डायनासोरची शंभर नावं पाठ म्हणतात, पण बकऱ्याच्या मांडीचं हाड कोणतं आणि दंडाचं कोणतं हे त्यांना ओळखता येत नाही. मुलांचा यात काही दोष नाही. हाडं हातात देऊन कोणी शिकवतच नाही. हा लेख त्या मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि जीवाश्मांचं वेड मोठेपणीही न सुटलेल्या वाचकांसाठी आहे.

सुरुवात मटणाच्या दुकानातून

खाटकाला सांगून बकऱ्याचा मागचा एक पाय खुब्यापासून खुरापर्यंत सबंध घ्या. सत्तूर लावू नका म्हणावं, कारण तुकडे केलेल्या हाडाचे सांधे कळत नाहीत. सोबत मानेचे तीन-चार मणके आणि मुंडीतला खालचा जबडा घ्या. कोंबडी शक्यतो गावठी आणि वयाने मोठी हवी. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी साधारण दीड महिन्याची असते, तिच्या हाडांची टोकं अजून कूर्चेचीच असतात आणि शिजवताना विरघळून जातात. मासळी खाणाऱ्या घरात माशाचं डोकंही वाया जाऊ देऊ नये; माशाच्या कवटीत किती हाडं असतात ते पाहून थक्क व्हायला होतं.

मांस काढून घेतल्यावर हाडं मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळा आणि उरलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा. प्रेशर कुकर नको, हाड ठिसूळ होतं. मग कपडे धुण्याची पूड घातलेल्या कोमट पाण्यात ती काही दिवस बुडवून ठेवा आणि पाणी गढूळ झालं की बदला. असं केल्याने आतली चरबी निघते, नाहीतर महिन्याभरात हाडं पिवळी पडून वास मारू लागतात. ब्लीच वापरू नका, त्याने पृष्ठभाग पिठूळ होतो आणि ज्या बारीक खुणा पाहायच्या त्याच झिजून जातात. हाडं सावलीत वाळवा. प्रत्येक हाडावर बारीक अक्षरात प्राणी, बाजू आणि तारीख लिहा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. रानात पडलेली हाडं उचलून आणू नका. मोर, घोरपड, कासव, साप, हरीण यांचे अवशेष घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा ठरू शकतं, प्राणी आपोआप मेलेला असला तरीही. बकरी, कोंबडी आणि मासळी एवढ्यावर पहिली दोन वर्षं आरामात जातात. गाय, घोडा, कुत्रा यांचे सांगाडे पाहायचे असतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला पत्र लिहा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत. विद्यार्थ्यांच्या गटासाठी शाळेच्या पत्रावर परवानगी मागावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात उत्खननांतून निघालेल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास अनेक वर्षं चालू आहे. तिथली कामं वाचली तर हाडाच्या एका तुकड्यावरून प्राणी कसा ओळखतात ते कळतं.

हाडं जमली की पाय जमिनीवर मांडून पाहा. बकऱ्याच्या मागच्या पायाचा जो सांधा ‘उलटा गुडघा’ वाटतो ती खरं तर टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ असतो. टाचेच्या खाली एकच लांब नळी दिसते. तिच्या पुढच्या अंगावर बोट फिरवा, वरून खाली गेलेली एक चर लागेल, आणि खालच्या टोकाला नळी दुभंगलेली दिसेल. दोन बोटांची दोन हाडं एकमेकांत मिसळून ती नळी झाली आहे आणि चर ही त्या सांध्याची उरलेली रेघ आहे. कोंबडीच्या पायातही असंच आहे: पिवळ्या खवल्यांचा जो उभा भाग आपण ‘पाय’ म्हणतो त्यात तळपायाची हाडं एकत्र झालेली असतात. डायनासोरच्या चित्रात गुडघा कुठे आणि टाच कुठे हा गोंधळ ज्यांचा होतो त्यांनी हा एक तास अवश्य घालवावा.

बकरा कोवळा असेल तर लांब हाडांची टोकं टोपणासारखी सुटून येतील. वाढ चालू असताना हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चेचा थर असतो, वाढ पुरी झाली की तो हाडाने भरतो. जीवाश्मांतही प्राण्याचं वय ठरवताना अशाच सांध्यांकडे पाहतात. डायनासोरांत मणक्याचं मुख्य अंग आणि त्यावरची कमान यांच्यातली रेघ उघडी असेल तर प्राणी बहुधा वाढीच्या वयातला होता. लहान आकाराचं हाड मिळालं की ‘ही नवी, छोटी जात’ असं म्हणण्याआधी ही रेघ पाहायची.

एक मणका, पुढून आणि मागून

पुष्कळ जण कवटीपासून सुरुवात करायला पाहतात. कवटी आकर्षक असते हे खरं, पण ती फार गुंतागुंतीची असते आणि जीवाश्मांत क्वचितच सापडते. मणके मात्र एका प्राण्यात डझनांनी असतात, जाड असतात, टिकतात. म्हणून शिकताना मणका पक्का करावा.

बकऱ्याच्या मानेतला मधला एक मणका हातात घ्या. खालचा ठोकळा म्हणजे मणक्याचं मुख्य अंग. त्याच्यावर कमान, कमानीखालून मज्जारज्जू जायचा. कमानीच्या चार कोपऱ्यांवर चार गुळगुळीत चकत्या आहेत, दोन पुढे आणि दोन मागे. पुढच्या जोडीची तोंडं वर आणि आतल्या बाजूला असतात, मागच्या जोडीची खाली आणि बाहेर. दोन मणके एकमेकांना जोडून पाहा: मागच्या मणक्याच्या पुढच्या चकत्यांवर पुढच्या मणक्याच्या मागच्या चकत्या येऊन बसतात. हा नियम बकऱ्यात चालतो, मगरीत चालतो, डायनासोरातही चालतो. मणका हातात आला की पहिला प्रश्न ‘कोणाचा?’ हा नसतो. पुढची बाजू कोणती, वरची कोणती, हे आधी ठरवायचं आणि मगच पुढे जायचं.

हे न झाल्यामुळे काय होतं त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमधून आलेल्या एका लांब मानेच्या सागरी सरीसृपाचं वर्णन एडवर्ड कोप यांनी १८६८ साली केलं आणि त्याला ‘इलॅस्मोसॉरस’ नाव दिलं. त्यांनी डोकं शेपटीच्या टोकाला लावलं होतं. मान आणि शेपूट यांची अदलाबदल झाली होती. पुढे १८७० साली जोसेफ लायडी यांनी ही चूक दाखवून दिली. कोप हे त्या काळातले अत्यंत हुशार शरीररचनातज्ज्ञ होते. इतक्या तयारीच्या माणसाचंही असं होतं, म्हणून नवशिक्याने दिशा तपासण्याची सवय कधीच सोडू नये.

आता त्याच मणक्याच्या मुख्य अंगाची दोन्ही टोकं पाहा. बकऱ्याच्या मानेत पुढचं टोक फुगीर असतं आणि मागचं खोलगट, म्हणजे उखळीच्या सांध्यासारखी जोडणी. सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेचे अवाढव्य शाकाहारी डायनासोर, त्यांच्या मानेतही हीच रचना आहे. त्यांच्यातल्याच टायटॅनोसॉर गटाच्या शेपटीत मात्र उलटं: पुढचं टोक खोलगट, मागचं टोक फुगीर.

या उलट्या रचनेशी भारताचा जुना संबंध आहे. स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८२८ साली जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीवर काही जीवाश्म मिळाले. त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवर पुढे १८७७ साली रिचर्ड लिडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव उभं केलं. पुढून खोलगट आणि मागून फुगीर असा शेपटीचा मणका डायनासोरात तेव्हा वेगळा वाटला होता. मग अर्जेंटिनात, मादागास्करमध्ये, युरोपात तसे मणके मिळत गेले आणि त्यांनाही टायटॅनोसॉरसच्याच जाती म्हणून नावं देण्यात आली. कालांतराने स्पष्ट झालं की हे लक्षण एका प्राण्याचं नाही, एका मोठ्या गटाचं आहे. २००३ साली विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि टायटॅनोसॉरस इंडिकसची वेगळी ओळख पटवणारं एकही लक्षण त्या मणक्यांत उरत नाही, असा निष्कर्ष काढला. मूळ मणके मधल्या काळात हरवले होते; त्यांपैकी एक २०१२ साली कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा मिळाला.

वहीत नोंद करताना ‘हे वैशिष्ट्यपूर्ण आहे’ असं लिहू नका. कोणाच्या तुलनेत, ते लिहा. ‘बकऱ्यापेक्षा वेगळं’, ‘मगरीसारखं’, ‘मी पाहिलेल्या चार प्राण्यांत नाही’. पुढे पाचवा प्राणी पाहिलात की कोणतं वाक्य बदलायचं ते लगेच सापडतं.

घोट्यातलं हाड आणि व्हेलचे पूर्वज

बकऱ्याच्या मागच्या पायाच्या घोट्यात, टाचेच्या हाडाला चिकटून एक लहान, भरीव हाड असतं. त्याला वर कप्पीसारखा घाट असतो आणि खालीही. दोन्ही टोकांना कप्पी असलेलं हे हाड गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांची खूण आहे. घोड्यात आणि कुत्र्यात वरचा घाट दिसतो, खालचा तसा नसतो. ताटात आलेलं हे हाड बहुतेक वेळा आपण न पाहताच टाकून देतो.

व्हेल हा सस्तन प्राणी जमिनीवरच्या कोणत्या प्राण्यांपासून आला, यावर बरीच वर्षं वाद होता. दातांवरून पाहिलं तर मेसोनिकिड नावाचे खुरांचे मांसाहारी प्राणी त्याचे पूर्वज वाटत होते. जनुकांवरून पाहिलं तर पाणघोडा जवळचा वाटत होता. आजच्या व्हेलला मागचे पायच नाहीत, मग घोटा तपासणार कुठे? २००१ साली पाकिस्तानात मिळालेल्या अतिप्राचीन व्हेलांच्या पायांची हाडं दोन वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केली. एक गट फिलिप गिंजरिच यांचा होता, दुसरा हान्स थेविसन यांचा. त्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पी असलेलं तेच हाड होतं. दातांनी जी दिशा दाखवली होती ती घोट्याने बदलली. खाण्याच्या सवयीप्रमाणे दातांचे आकार वेगवेगळ्या कुळांत सारखे होत जातात, म्हणून केवळ दातांवर नातं ठरवताना जपून राहावं.

पुढचा दुवा आपल्या देशातला आहे. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट इथून ए. रंगा राव यांनी जमवलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर थेविसन यांच्याकडे आले. साफसफाई करताना प्रयोगशाळेत एक कवटी चुकून फुटली आणि कानाच्या हाडाची आतली भिंत उघडी पडली. ती विलक्षण जाड होती. अशी जाड भिंत तोवर फक्त व्हेलांत माहीत होती. हा प्राणी म्हणजे मांजराएवढा, खुरांचा ‘इंडोह्यूस’. त्याच्या पायांच्या हाडांच्या भिंतीही जाड होत्या. पाणघोड्यासारख्या पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांत असं वजनदार हाड आढळतं, ते तळाशी चालायला उपयोगी पडतं. २००७ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. हाड फुटलं म्हणून आत डोकावता आलं. आता त्यासाठी सीटी स्कॅन आहे. कवटी न फोडता मेंदूची पोकळी, कानाच्या नळ्या, जबड्यात दडलेले दात हे सगळं पडद्यावर उलगडता येतं.

हाडावरच्या खुणा आणि अंदाजाच्या पायऱ्या

स्नायू, त्वचा, हृदय यांतलं जवळजवळ काहीच जीवाश्मात उरत नाही. तरी हाडावर त्यांच्या खुणा असतात. कोंबडीच्या पंखातलं खांद्याजवळचं हाड घ्या. त्याच्या खांद्याकडच्या टोकाजवळ, आतल्या अंगाला एक भोक दिसेल. त्यातून श्वसनाच्या हवापिशवीचा फाटा हाडात शिरतो, म्हणून ते हाड आतून पोकळ आणि हलकं असतं. सॉरोपॉडच्या मानेच्या मणक्यांवर आणि अनेक मांसाहारी डायनासोरांच्या मणक्यांवर अशी भोकं आणि आत कप्पे आहेत. त्यांच्या शरीरात पक्ष्यांसारख्या हवापिशव्या होत्या हे म्हणायला त्यामुळे पक्का आधार मिळतो. कित्येक पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर पिसांच्या मुळांपाशी उंचवट्यांची ओळ असते. २००७ साली व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर तसेच उंचवटे दाखवले गेले. त्या नमुन्यात पीस एकही नव्हतं, पण ते कुठे रोवलेलं होतं ती जागा टिकून होती.

मांडीच्या हाडाच्या मागच्या-आतल्या बाजूला डायनासोरांत एक ठसठशीत कंगोरा असतो. मगरीतही त्याच जागी असतो. मगरीत तिथे शेपटीतून आलेला मोठा स्नायू अडकतो आणि पाय मागे खेचतो. म्हणून डायनासोरच्या शेपटीचं बूड चित्रात काटकुळं दाखवलं की ते चुकीचं समजावं. चालण्याची बरीच ताकद तिथूनच येत होती.

इथे मगर आणि पक्षी यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं त्याला कारण आहे. डायनासोरांच्या कुळाच्या एका बाजूला मगरी आहेत आणि दुसऱ्या बाजूला पक्षी, जे स्वतः डायनासोरांचेच वंशज आहेत. लॉरेन्स विटमर यांनी १९९५ साली याची पद्धतशीर मांडणी केली. मगरीत आणि पक्ष्यात, दोघांत जे आहे, ते मधल्या डायनासोरात असण्याची शक्यता फार मोठी. चार कप्प्यांचं हृदय हे त्याचं उदाहरण. दोघांपैकी एकातच असेल तर हाडावर खूण शोधावी लागते. दोघांतही नसेल तर आपण अंदाजाच्या जागी उभे आहोत. टायरॅनोसॉरसला ओठ होते का, हा वाद असाच आहे. मगरीला ओठ नाहीत, पक्ष्याला चोच आहे, तेव्हा नात्यावरून उत्तर मिळत नाही. २०२३ साली दातांच्या लुकणाची झीज मगरीच्या दातांशी ताडून ओठ असावेत असं मांडण्यात आलं. ते सर्वांना पटलेलं नाही. आणि हत्तीची कवटी पाहा: कपाळाखाली नाकाचं मोठं भोक आहे, सोंडेचं एकही हाड नाही. हत्ती आपण पाहिलाच नसता तर त्या भोकावरून सोंड कितीशी सुचली असती, हा विचार प्रत्येक चित्रकाराने करून पाहावा.

म्हणून वहीच्या पानावर तीन रकाने करा. पहिल्यात हाडावर जे दिसतं ते. दुसऱ्यात जिवंत नातेवाईकांच्या आधाराने जे म्हणता येतं ते. तिसऱ्यात निव्वळ अंदाज. रंग, आवाज, स्वभाव हे बहुतेक वेळा तिसऱ्यात जातात. तिसरा रकाना लिहिताना लाजू नका, तोही अभ्यासाचाच भाग आहे. फक्त एका रकान्यातलं वाक्य गुपचूप दुसऱ्यात सरकू देऊ नका.

सांगाडा पुरा नसतो

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला एका टायटॅनोसॉरचा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचं वर्णन केलं आणि २००३ पासून तो ‘आयसीसॉरस’ या नावाने ओळखला जातो. मान, पाठ, कंबर आणि शेपूट यांचे मणके, बरगड्या, कमरेची हाडं, फरा, पुढचा डावा पाय असं बरंच काही मिळालं. कवटी मिळाली नाही, मागचे पाय मिळाले नाहीत. तरी चित्रांत तो डोक्यासकट आणि चारही पायांवर उभा असतो. चित्रकार फसवत नाही, जवळच्या नातेवाईकांवरून जागा भरतो. पण वाचणाऱ्याला हे कळायला हवं. एक सराव सांगतो: कोणत्याही डायनासोरच्या बाह्यरेषेची छापील प्रत घ्या, मूळ वर्णनात कोणती हाडं सापडल्याचं लिहिलंय ते शोधा आणि तेवढीच पेन्सिलने काळी करा. आयसीसॉरसचं हे करून पाहाल तर पुढचा पाय लांब आणि दणकट होता हे खात्रीने म्हणता येईल, चेहऱ्याबद्दल मात्र गप्प बसावं लागेल.

प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या पोचमपल्लीचा ‘बारापासॉरस’ वेगळाच पेच घालतो. तिथे सुमारे तीनशे हाडं मिळाली, मांडीचं एक हाड तर १.७ मीटर लांब, पण ती किमान सहा प्राण्यांची एकमेकांत मिसळलेली. कवटी नाही, फक्त दात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा असलेला सांगाडा अशा अनेक प्राण्यांच्या हाडांतून जुळवलेला आहे. अशा ठिकाणी पायांची लांबी आणि धडाची लांबी यांचं प्रमाण काढताना दोन्ही हाडं एकाच प्राण्याची आहेत का, हे आधी विचारायचं.

दगडाखाली हाड दबतं, पिळवटतं, हेही लक्षात ठेवा. डावं-उजवं दोन्ही हाडं मिळाली असतील तर ताडून पाहा. एकच वाकडं असेल तर तो वाकडेपणा बहुधा दगडाने दिलेला. वयासाठी मात्र हाडाचा आतला भागच विचारावा लागतो. त्याचा अतिशय पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की वाढ थांबल्याच्या रेघा दिसतात. शिकागोच्या संग्रहालयातली ‘सू’ ही टायरॅनोसॉरस सुमारे २८ वर्षं जगली, हे अशाच रेघांवरून काढलं आहे.

चित्र, वाचन, संग्रहालय

फोटो काढाच, पण चित्रही काढा. हाडाचं चित्र काढताना प्रत्येक कंगोऱ्यापाशी पेन्सिल थांबते आणि डोळ्यांनी आधी ओलांडून टाकलेलं दिसू लागतं. उजेड डाव्या बाजूने, वरून पडेल असा ठेवण्याची पद्धत आहे. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून अशा सहा दिशा, आणि प्रत्येकीत मापपट्टी. मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढलात तर जवळचा भाग अवाच्या सवा मोठा दिसतो. लांब उभं राहून झूम करा. तुटलेला किंवा प्लास्टरने भरलेला भाग तिरप्या रेघांनी वेगळा दाखवा.

संशोधनपर लेख पहिल्या ओळीपासून वाचायला गेलं तर दमछाक होते. आधी चित्रं बघा. मग मूळ नमुना कोणता आणि त्यात कोणती हाडं आहेत तो परिच्छेद. मग ओळख पटवणारी लक्षणं. या एवढ्यात लेखाचा कणा हाती येतो. सनाजेह इंडिकसचा २०१० चा लेख ‘प्लॉस बायॉलॉजी’त आहे आणि कोणालाही मोफत वाचता येतो, सुरुवात तिथून करावी असं मी सुचवीन. ‘मॉर्फोसोर्स’ या संकेतस्थळावर कवट्यांचे आणि हाडांचे त्रिमितीय नमुने पडद्यावर फिरवून पाहता येतात.

प्रवास जमत असेल तर हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात ‘कोटासॉरस’ या डायनासोरचा सांगाडा पाहा, गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीचं डायनासोर संग्रहालय पाहा. याच रैयोलीच्या परिसरातून ‘राजासॉरस’ची हाडं आली, नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांनी मिळून बनलेलं त्याच्या डोक्यावरचं बुटकं शिंग २००३ साली जगासमोर आलं. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. कुठेही गेलात तरी एक प्रश्न जरूर विचारा: यातलं मूळ हाड कोणतं आणि प्रतिकृती कोणती? चांगला मार्गदर्शक या प्रश्नाने खूश होतो. प्रत्येक सांगाड्याखाली हे फलकावर लिहिलेलं असावं, असं मला फार वाटतं.

काही सापडलं तर

महाराष्ट्रात हे घडू शकतं. चंद्रपूर-नागपूरकडच्या लॅमेटा नावाच्या खडकांत डायनासोरांचे अवशेष आहेत, मांजरा आणि गोदावरीच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडे, रानबैल यांची हाडं मिळालेली आहेत. नदीकाठच्या शेतकऱ्याला एखादा जड, समांतर पट्ट्या-पट्ट्यांचा दगड मिळतो, तो हत्तीची दाढ असू शकतो. तुटलेल्या कडेकडे पाहा: बाहेर घट्ट थर आणि आत जाळीदार भाग दिसला तर हाड असण्याची शक्यता मोठी.

अशा वेळी ते उपटून काढू नका. हाड ज्या थरात, ज्या दिशेने आणि ज्या शेजाऱ्यांसोबत पडलेलं असतं त्यावरून त्याचा काळ कळतो, सांगाड्यातली जागा कळते. एकदा निघालं की ती माहिती कोणालाच परत मिळवता येत नाही. शेजारी मापासाठी पेन किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, एक फोटो दूरून परिसर दिसेल असाही काढा. मोबाइलवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या. जमीन कोणाची आहे ते विचारा. नदीचं पाणी वाढून हाड वाहून जाण्याची भीती असेल तर तेही कळवा, त्यावरून लोक लवकर येतात. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला लिहा. ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. आठवडाभरात तिथे हातोडे घेऊन माणसं पोचतात.